गवंड्याचा रविवार

घर बघायला आलेली माणसे ओटीवर उभी राहतात, भिंतीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "स्वतःच्या हातांनी बांधलंत!" सुरुवातीला हे ऐकून मी सुखावायचो. आता तसे होत नाही. त्या बोलण्यात खोटे काही नाही. चिरे मी वाहिले, माल मी कालवला, पाणसळ धरून उभा राहिलो, पावसाच्या आधी कौले चढली ती माझ्याही हातून चढली. तरीही कुणी असे कौतुक केले की त्याला काहीतरी जोडावे असे मनात येते, आणि बहुतेक वेळा मी जोडत नाही. गप्प राहून कौतुक पदरात घेतो. ते गप्प राहणे मला छळते, म्हणून हे लिहीत आहे.

घर देवगड तालुक्यात आहे, सड्याच्या उताराला. माझी नोकरी मुंबईत शिक्षकाची. निवृत्तीनंतर गावी घर बांधायचे हे ठरलेलेच होते. ठेकेदाराला द्यायचे नाही, हे मात्र मित्रमंडळींत बोलता बोलता ठरले. त्या वेळी मी याची कारणे सांगायचो: पैसे बेताचे आहेत, ठेकेदाराने आणून ठेवलेला नकाशा नको आहे, आणि जन्मभर खडू धरलेल्या हातांना एकदा तरी काही उभे करायचे आहे. सगळी कारणे खरी होती. एक मात्र मी कुणाला सांगितले नाही. गाव सोडून आयुष्य काढलेल्या माणसाला गावात परत शिरायला निमित्त लागते. पैसे मोजून बांधले तर आपण तिथे नुसते राहायला येऊ, राबून बांधले तर गाव आपल्याला आपला म्हणेल, असा माझा आतला हिशेब होता. म्हणजे श्रमसुद्धा मी कशाच्या तरी बदल्यात करत होतो. त्याची मला लाज वाटत नाही. पण ते श्रम निरपेक्ष होते असे मी स्वतःला सांगू नये, एवढे खरे.

मित्र कोण, तेही सांगितले पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय या भिंती कमरेच्या वर गेल्या नसत्या. आमची ओळख किल्लारीच्या भूकंपातली. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती, आणि पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावे खाली बसली. सरकारी आकड्यानेही साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. मुंबईहून मदतीला गेलेल्यांत आम्ही होतो, तोवर एकमेकांना न ओळखणारे: एक बँकेत कारकून, एक गिरणीत फिटर, एक एसटीत वाहक, एक महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या बाई, आणि मी. सास्तूरच्या बाजूला ढिगारे उपसताना जी माणसे एका घमेल्याच्या दोन कडा धरतात, त्यांची ओळख पुढे पुसली जात नाही.

तिथे पाहिलेली एक गोष्ट या घराच्या प्रत्येक थरात आहे. किल्लारी परिसरातली ती दगडी घरेही लोकांनी स्वतःच बांधलेली होती. घरमालक, त्याचे भाऊबंद, गावातला गवंडी, गल्लीतली चार माणसे. कुणा बाहेरच्या ठेकेदाराने फसवून बांधलेली ती नव्हती. भिंत दोन-अडीच फूट रुंद, बघणाऱ्याला वाटावे की तोफ लावली तरी हलणार नाही. पण ती एक भिंत नव्हती. बाहेरून घडीव दगडांची एक रांग, आतून एक रांग, मधे ओबडधोबड दगड आणि मातीची भर. या दोन रांगांना एकमेकींशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जमीन हादरली तशा दोन्ही रांगा फाकल्या, बाहेरची बाहेर पडली, आतली आत पडली, आणि वरून माळवद आले. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पसरायची, दरवर्षी. घराची काळजी घेता घेताच डोक्यावरचे ओझे वाढत गेले होते. बापाने टाकलेली माती, आजाने टाकलेली माती. हे एका म्हाताऱ्याने आम्हाला ढिगाऱ्यावर बसून सांगितले, आणि त्यानंतर 'आपल्या हाताने बांधले' या गोष्टीला मी नुसत्या कौतुकाने कधी पाहू शकलो नाही. हात आपले होते, प्रेम आपले होते, आणि भिंतीत आरपार दगड नव्हता.

पुढे त्या भागात जे झाले तेही मी जवळून पाहिले. पार उद्ध्वस्त झालेली गावे दुसरीकडे वसवली गेली. पण जिथे घरे तडकून उभी होती तिथे लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी सरकारी मदत घेऊन आपल्या देखरेखीखाली केले. भिंतीला भोक पाडून त्यात सळईसकट काँक्रीट भरून दोन रांगा एकमेकींना बांधायच्या, छपरावरची माती उतरवून ओझे हलके करायचे, खांब आणि तुळई यांना तिरके टेकू द्यायचे. गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. त्या घरोघर जाऊन हे समजावत आणि काम चालले असताना हटकतही. स्वतः राबणे आणि जाणत्याचे ऐकणे या दोन गोष्टी एका अंगणात राहू शकतात, हे मला तिथे कळले.

म्हणून आमच्या कामाच्या पहिल्याच दिवशी मी मित्रांना बजावले की इथे शेवटचा शब्द गवंड्याचा. गवंडी आमच्याच गावचा, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, बापाच्या हाताखाली शिकलेला. भूगोलाच्या बाईंनी मोठ्या उमेदीने एक कोपरा रचला. वरून पाहता सुंदर होता. त्याने ओळंबा सोडला, काही बोलला नाही, आणि वरचे थर उतरवायला घेतले. बाईंचा चेहरा पडला तेव्हा तो म्हणाला, "भिंतीक मन कळणा नाय बाई, ओळंबो कळता." बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग त्याच्या बरोबरीने चिरे उतरवू लागल्या. त्यांनी जन्मभर शेकडो मुलांचे नकाशे तपासले होते. आपलेही कुणी तपासावे, याचे त्यांना वाईट वाटले नाही. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याबद्दल आणि गवंड्याबद्दल जो आदर वाटला तो अजून टिकून आहे.

दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींतून फिरणारा सळईचा पट्टा घालायचा, हा माझा हट्ट होता. पैसे संपत आले होते, फिटर मित्र म्हणाला की चिऱ्याच्या बैठ्या घराला त्याची काय गरज. पण कोकणाला 11 डिसेंबर 1967 ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवते, निदान माझ्या आईच्या पिढीला आठवायची. पट्टा घातला. या एका बाबतीत माझे मन स्वच्छ आहे.

चिऱ्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिरा जांभा दगडाचा. जांभा जमिनीत असतो तेव्हा इतका मऊ असतो की कापता येतो, आणि वाऱ्या-उन्हाला लागला की घट्ट होत जातो. भूगोलाच्या बाई आम्हाला चिरे वाहता वाहता सांगायच्या की फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या माणसाने केरळातल्या अंगडीपुरमजवळचा असाच दगड पाहून 1807 साली त्याला विटेवरून नाव दिले. आमचा चिरा 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच उंच. वजन तीस किलोच्या आसपास, भिजल्यावर जास्त. तो एकट्याने उचलला तर पाठ धरते. रांग करून हातोहात दिला तर पन्नाशी-साठीची माणसेही सकाळभर वाहू शकतात. रांगेत कुणी मोठा राहत नाही. वेग सगळ्यात दमलेल्या माणसाचा धरावा लागतो. दुपारी उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, फणसाची भाजी. वाहक मित्राला मधुमेह आणि गुडघेदुखी, त्याने वाळू चाळली, जुन्या लाकडातले खिळे काढून सरळ केले, चिऱ्यांवर पाणी मारले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. पुढे जे लिहिणार आहे त्याने हे सुख खोटे ठरत नाही.

माझी पत्नी या सगळ्याचा हिशेब ठेवत होती, दोन वह्यांत. एक हजेरीची: गवंडी, त्याचा हाताखालचा मुलगा, सुतार, यांचे दिवस आणि मजुरी. दुसरी तिने लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी केली होती: कोण मित्र आला, किती दिवस राबला, काय केले. आपल्याकडे आहेर लिहून ठेवतात तो कुणी कंजूष आहे म्हणून नव्हे. त्याच्या घरी कार्य निघेल तेव्हा आपल्याला जायचे आहे, हे विसरू नये म्हणून. सुरुवातीला मला ही वही जरा रुक्ष वाटली. आता वाटते, आमच्या घरातला सर्वांत खरा दस्तऐवज तोच आहे. तिचे स्वतःचे नाव मात्र तिने दोन्ही वह्यांत लिहिले नाही. दोन वेळचे पंधरा माणसांचे जेवण आणि सकाळ-संध्याकाळ भिंतींवर मारलेले विहिरीचे पाणी. बांधकामाला पाणी न मारले तर सगळा माल फुकट जातो. ते नाव मी नंतर माझ्या अक्षरात लिहिले. तिने पाहिले आणि वही मिटून ठेवली.

आढे चढवायचा दिवस रविवार होता. मुंबईचे मित्र रात्रीच्या गाडीने आले होते, वाडीतली माणसे घरी होती. जुने घर उतरवले तेव्हाचे ऐनाचे आढे मांगरात जपून ठेवले होते, तेच पुन्हा चढवायचे होते. गाऱ्हाणे घातले, 'व्हय म्हाराजा' झाले, दोर लागले. रविवारी गवंड्याची सुट्टी असायची. तो आला, वरच्या त्रिकोणी भिंतीवर उभा राहून त्याने अख्खे काम हाकले, संध्याकाळी उतरला. पत्नी हजेरीची वही घेऊन गेली तेव्हा म्हणाला, "आज मजुरी नको. आढ्याक हात लावूचे पैशे कोण घेता?" आणि गेला.

रात्री पत्नीने विचारले, "अहो, मिस्त्रींचा आजचा दिवस कुठल्या वहीत लिहू?"

मी सहज म्हणालो, "मित्रांच्या." ती पेन धरून थांबली. मग म्हणाली, "ते नाही म्हणू शकले असते का?"

हा प्रश्न माझ्या सदसद्विवेकाने विचारायला हवा होता. तो तिने विचारला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण उत्तर शोधायला गावाच्या जुन्या इतिहासात जावे लागत होते आणि तिथे माझे आजोबा उभे होते.

आमचे घराणे खोतांच्या भाऊबंदांतले. गवंड्याचे घराणे आमच्या कुळांतले. नव्या पिढीला हे शब्द पुस्तकी वाटतील. खोत म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामधला, गावचा सारा गोळा करणारा माणूस. कुळाच्या, म्हणजे जमीन कसणाऱ्याच्या, पिकातला मोठा हिस्सा खोताकडे जायचा, आणि वर वेठ होती, म्हणजे खोताच्या घरी-शेतात ठरावीक दिवस विनामोबदला राबणे. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. 1938 च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. कायदा झाला तो 1949 साली. संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठ-बिगारीला बंदी केली. मी हे सगळे वर्गात शिकवले आहे, तारखांसकट. आपल्या घराच्या जोत्याशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

आणि जोते तर पायाखाली होते. नवे घर आम्ही जुन्याच जोत्यावर बांधले, खर्च वाचला. ते जोते आजोबांच्या वेळचे. माझी एक चुलत आत्या लहानपणी आम्हाला सांगायची की मजुरीबिजुरी काही नव्हती, अख्खी वाडी आली आणि जोते झाले. आम्ही ते गावाच्या एकोप्याची गोष्ट म्हणून ऐकायचो. शहरातल्या मित्रांनाही मी ती तशीच सांगितली आहे, 'पूर्वी कसे सगळे एकमेकांना धावून जायचे' या सुरात. वाडी आली हे खरे. पण जी वाडी आली तिच्यातला एखादा आला नसता, तर त्याच्या शेताचे पुढच्या वर्षी काय झाले असते? आत्याच्या गोष्टीत हा प्रश्न नव्हता. आणि दुसरा प्रश्नही नव्हता: त्या वाडीतल्या कुणाचे खोपट शाकारायचे असताना माझे आजोबा कधी डोक्यावर पेंढा घेऊन गेले होते का? गेले नव्हते. जात नसत.

घाटावर शेतकरी इर्जिक करतात. एकाचे शेत नांगरायचे असले की गावातले औत घेऊन येतात, तो त्यांना पोटभर जेवू घालतो, पुढे दुसऱ्याची पाळी असते तेव्हा हाही आपले बैल घेऊन जातो. सावडही तशीच. पैसे तिथेही कुणी घेत नाही. मग इर्जिक आणि वेठ यांत फरक कुठे? मला जो दिसतो तो एवढाच: इर्जिकीला न येता येते, आणि ज्याच्या शेतात इर्जिक झाली तो उद्या आपले अंग घेऊन दुसऱ्याच्या बांधावर उभा असतो. यातली एक जरी गोष्ट नसली तर तोच फुकट दिवस वेठीचा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. माणसे हसत राबतात, दुपारी जेवणे होतात.

मित्रांच्या बाबतीत मी निश्चिंत आहे. बँकेतल्या मित्राने मला पहिल्याच फोनवर सांगितले होते, "मी येणार नाही. माझी पाठ चालत नाही आणि खरं सांगायचं तर मला हे आवडतही नाही. तू बांध, मी राहायला येईन." तो आला नाही, आमच्यात काहीही बिघडले नाही. त्याने नाही म्हटले, म्हणूनच बाकीच्यांच्या येण्याला किंमत आहे. आणि परतफेड? ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या घरी मी चिरे वाहायला कसा जाणार? फिटर मित्राच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रात्री दवाखान्यात त्याच्या उशाशी मी बसलो. ते त्या दिवसांच्या बदल्यात होते असे म्हणणे मैत्रीला शोभणार नाही, पण वहीतले त्याचे नाव मला त्या वेळी आठवत होते हे खरे.

गवंड्याचे तसे नाही. माझे काम चालू असताना त्याला गावात आणखी दोन घरांची कामे मिळाली, दोन्ही माझ्या ओळखीच्या चाकरमान्यांची, दोन्ही माझ्या शब्दावर. त्याचा मुलगा दहावीला होता आणि संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला येत होता, अर्थातच फी न देता. मी त्याला 'अहो' म्हणतो, तो मला 'गुरुजी' म्हणतो, आणि आम्ही दोघे चांगले बोलतो. यातली एकही गोष्ट दबावाची नाही. पण सगळ्या एकत्र करून पाहिल्या तर त्या रविवारी 'आज माझी सुट्टी आहे, मी येत नाही' असे म्हणणे त्याला सोपे होते, हे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

दुसरी बाजूही मला तितकीच टोचते. समजा तो खरोखर मनापासून आला होता. स्वतः रचलेल्या भिंतींवर आढे बसताना पाहायचे, ते आपल्या हाताने बसवायचे, ही कारागिराची हौस असते आणि तिला मोल नसते. ते आढे पडले असते तर नाव त्याचे गेले असते, माझे नव्हे. अशा माणसाने उचलून दिलेला दिवस मी 'बिचारा नाही म्हणू शकला नसेल' म्हणून संशयाने पाहिला, तर त्याला मी पुन्हा कुळाचा नातूच ठरवतो. देण्याचा अधिकार फक्त माझ्या मुंबईच्या मित्रांना, आणि त्याने दिले तर ती लाचारी? हाही एक प्रकारचा खोतपणाच. या दोन शंकांच्या मधे मी बरेच दिवस अडकून होतो, आणि अजूनही पूर्ण सुटलो आहे असे नाही.

मला सुचलेला उपाय सोपा होता: पाकिटात दिवसाची मजुरी घालून त्याच्या घरी द्यायची. पत्नीने अडवले. "पाकीट दिलंत की तुम्ही मोकळे झालात. त्यांना मोकळं करण्यासाठी देताय की स्वतःला?" तिने तो दिवस मित्रांच्या वहीत लिहिला आणि शेजारी खूण केली. त्या खुणेचा अर्थ मला न विचारताही कळला.

एकदा हिशेब उघडला की मग तो तिथेच थांबत नाही. लॉरी बेकर या वास्तुविशारदाची एक आठवण मी घर दाखवताना हौसेने सांगायचो: गांधीजी त्यांना म्हणाले होते की आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे. आमचे चिरे पाच मैलांच्या आतलेच, हे मी अभिमानाने जोडायचो. पण खाणीवर चिरे काढणारी माणसे पाच मैलांच्या आतली नव्हती. ती उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबे होती. मी चिरे ठरवायला गेलो तेव्हा यंत्राच्या पात्याने उडालेली तांबडी धूळ त्यांच्या केसांत, भुवयांत बसलेली होती, आणि खाणीच्या काठावर ती ताडपत्रीच्या पालात राहत होती. ज्यांच्या हातून रोज कित्येक घरांच्या भिंती निघत होत्या त्यांच्या पालाला भिंत नव्हती. माझे 'स्वतःचे श्रम' सुरू झाले ते ट्रक अंगणात रिकामा झाल्यावर. त्या आधीचे श्रम मी दर चिऱ्यामागे ठरलेल्या रुपयांत मोजून टाकले होते, आणि ती माणसे आमच्या एकाही वहीत नाहीत. त्यांचे देणे कसे फेडायचे ते मला आजही सुचलेले नाही. सुचल्यासारखे काही लिहिले तर ते खोटे होईल.

आणखी एक प्रश्न माझ्या भाच्याने विचारला होता: मामा, तुझे मित्र फुकट राबले म्हणजे गावातल्या तेवढ्या मजुरांचे रोज बुडाले, नाही का? तेव्हा मी त्याला गप्प केले. विचार करता वाटते, एप्रिल-मे म्हणजे आंबा उतरवायचे दिवस, गावात हात रिकामे नसतात, म्हणून बहुधा कुणाचे बुडाले नसावेत. पण काम सुरू करण्याआधी वाडीत जाऊन कुणाला काम हवे आहे का, हे विचारायला हवे होते. विचारणे अवघड नव्हते.

आता त्या खुणेकडे येतो. गवंड्याचे स्वतःचे घर अजून मातीच्या भिंतींचे आहे, मागच्या बाजूला पावसात प्लास्टिक बांधावे लागते. गावातल्या निम्म्या पक्क्या भिंती ज्याच्या हातच्या, त्याला या वर्षी प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. 1 लाख 20 हजार रुपये हप्त्याहप्त्याने, घर किमान 25 चौरस मीटरचे, ठेकेदार नेमायचा नाही, ज्याचे घर त्यानेच बांधायचे. आणि त्याने स्वतःच्या घरासाठी केलेल्या अकुशल कामाची 90 दिवसांची मजुरी रोजगार हमीतून धरलेली असते. ही तरतूद वाचताना मला वाटले, सरकारी कागदाने इथे माझ्यापेक्षा नीट विचार केला आहे. गरिबाने स्वतःच्या घरासाठी उपसलेले कष्टही कष्टच असतात आणि त्यांचा दाम मिळाला पाहिजे, असे तो कागद म्हणतो. माझ्यासारख्याने चिरे वाहिले की लोक भिंतीवरून हात फिरवतात. त्याने स्वतःच्या घराचे चिरे वाहिले तर कुणी 'कमाल आहे' म्हणणार नाही.

मी त्याला विचारले, "तुमच्या कामाला मी येऊ का? चिरे वाहीन, पाणी मारीन, सांगाल ते करीन." तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बघतंय गुरुजी. पायो होवंदे."

हे होय नाही आणि नाहीही नाही. घरी येऊन मी विचार करत बसलो की मी हे का विचारले. त्याला हातांची गरज आहे हे एक. पण मनावरचा रविवार उतरावा हेही होतेच, आणि माझे मन हलके करायची जबाबदारी त्याची नाही. उलट मी गेलो तर त्याच्यावर भार पडेल: गुरुजींना सावलीत बसवा, गुरुजींसाठी चहा करा, साठी उलटलेल्या माणसाची कंबर जपा, आणि वाडीतल्या लोकांना उत्तरे द्या. माझ्या अंगणात त्याने मला दहादा 'ह्यो चिरो काढा' म्हणून सांगितले होते, पण तिथे घर माझे होते. आपल्या अंगणात खोताच्या नातवाला तो तसे सांगू शकेल का, की मी आहे म्हणून वाकडा चिरा तसाच राहू देईल? तसे झाले तर मी न गेलेलेच बरे. भिंत त्याच्या मुलांच्या डोक्यावर उभी राहायची आहे.

पाया तुळशीच्या लग्नानंतर खणायचा आहे. तो बोलावेल तर जाईन, आणि रांगेत जिथे उभे करील तिथे उभा राहीन. मी पुन्हा विचारणार नाही असे ठरवले आहे, कारण दुसऱ्यांदा विचारले तर त्याला नकार देणे आणखी जड होईल. त्याच्या आजोबांना ती मोकळीक नव्हती. त्याने ती माझ्यावरच वापरली तर मला वाईट वाटेल. तसे झाले तर त्याचा रविवार वहीत तसाच राहील, आणि मला तो तसाच राहू द्यावा लागेल.